आईबाबांचं बीपी आणि रोजची वीस मिनिटं : घरच्या घरी शिथिलीकरण कसं सुरू करावं

बाबा पडले तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. लघवीला उठले, बाथरूमच्या उंबऱ्यापर्यंत गेले आणि तिथेच कोसळले. हाड मोडलं नाही एवढं नशीब. कपाळाला तीन टाके पडले. वय ७६, बीपीची गोळी बारा वर्षं चालू. दहा दिवसांपूर्वीच एका दवाखान्यात त्यांचं बीपी १७२ भरलं होतं आणि डॉक्टरांनी दुसरी गोळी वाढवली होती. त्या दिवशी ते जिना चढून नुकतेच खुर्चीत टेकले होते, पट्टा शर्टाच्या बाहीवरूनच बांधला होता, आणि मोजता मोजता त्यांना प्रश्न विचारणं चालू होतं. मी शेजारी उभी होते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, ठाण्यात घरोघरी जाऊन वयस्कर माणसांचे व्यायाम घेते, आणि तरीही मी तेव्हा काही बोलले नाही. ते अजून टोचतं.

पडल्यानंतर घरी उभं करून बीपी मोजलं तर वरचा आकडा १०४. डॉक्टरांशी बोलून गोळ्या पुन्हा बसवून घेतल्या, आणि त्यानंतर आम्ही नौपाड्यातल्या घरी रोज सकाळी वीस मिनिटं शिथिलीकरण, म्हणजे सावकाश श्वास, स्नायू सैल करणं आणि शवासन, सुरू केलं. ‘टेन्शन घेऊ नका, आराम करा’ हे बीपीच्या प्रत्येक पेशंटला सांगितलं जातं. पण ते करायचं कसं, किती वेळ, कोणत्या क्रमाने, आणि वयस्कर माणसाने त्यात काय जपायचं, हे सहसा कुणी बसून सांगत नाही. ज्यांच्या घरी साठीच्या पुढचं माणूस बीपीची गोळी घेतंय आणि ज्यांनी यातलं काहीच कधी केलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

याने किती फरक पडतो?

आधी अपेक्षा ठरवून घेऊ, म्हणजे महिन्याभराने निराशा नको.

वय वाढतं तशा रक्तवाहिन्या ताठर होतात. हृदय रक्त ढकलतं तेव्हा त्या पूर्वीसारख्या ताणत नाहीत, म्हणून वरचा आकडा चढतो आणि खालचा तिथेच राहतो किंवा थोडा उतरतोही. १५६/७४ असं बीपी म्हाताऱ्या माणसांत म्हणूनच इतकं दिसतं. हा ताठरपणा डोळे मिटून बसल्याने जात नाही. पण त्याच्यावर आणखी एक थर असतो: काळजी, अपुरी झोप, दुखणं, सतत आवळलेले स्नायू. त्याने नाडी वाढते, बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि आकडा आणखी चढतो. शिथिलीकरण या वरच्या थरावर काम करतं.

२००८ साली कॉक्रेन या वैद्यकीय प्रयोगांची छाननी करणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी शिथिलीकरणाचे तोवरचे प्रयोग एकत्र करून पाहिले. वरच्या आकड्यात सरासरी साडेपाच आणि खालच्यात साडेतीन अंकांची घट दिसली. बऱ्याचशा प्रयोगांचा दर्जा कच्चा होता, म्हणून त्यांनी निष्कर्षही जपूनच काढला. २०१३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने औषधाखेरीजच्या उपायांची छाननी केली तेव्हा यंत्राच्या सुरावर सावकाश श्वास घेण्याच्या सरावाला बऱ्यापैकी वरचं स्थान दिलं. भावातीत ध्यानाला, म्हणजे मनात मंत्र म्हणत करायच्या ध्यानाला, त्याखालचं. बाकीच्या शिथिलीकरणाला पुरेसा पुरावा नाही असं म्हटलं. म्हणजे चार-पाच अंकांची मदत मिळू शकते, आणि काहींना काहीच मिळत नाही. म्हातारपणी चार-पाच अंकही मोलाचे असतात. पण त्या जोरावर गोळी सोडता येत नाही. सराव रोज, ठरलेल्या वेळी, गोळीसारखाच करायचा. आणि गोळीही तशीच चालू ठेवायची.

या विषयात आपल्याकडचं एक काम फार जुनं आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीपीच्या रुग्णांना शवासन शिकवलं आणि १९६९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बऱ्याच रुग्णांचं बीपी उतरलं, काहींचं औषध कमी करता आलं, तेही डॉक्टरांच्या नजरेखाली. आजच्या कसोट्या लावल्या तर तो अभ्यास लहान ठरेल. तरी शवासनाकडे औषधोपचाराचा भाग म्हणून पाहणारी माणसं इथून ३५ किलोमीटरच्या आत पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी होती, याचा मला अभिमान वाटतो.

पायरी १ : डॉक्टरांना विचारा

पुढच्या भेटीत एवढंच विचारा: ‘मी रोज सावकाश श्वास आणि शवासन करणार आहे, माझ्या बाबतीत काही जपायचं आहे का?’ हार्ट फेल्युअर, दमा किंवा सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट आजार), अनियमित ठोके, नुकताच झालेला पक्षाघात, काचबिंदू, डायलिसिस यांपैकी काही असेल तर हे विचारल्याशिवाय सुरुवात करू नका. प्रोस्टेटसाठी गोळी चालू असेल तर तीही सांगा, कारण त्यातल्या काही गोळ्यांनी उभं राहताना बीपी पडतं. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यावीत, हे सर्वांत सोपं. नावं तोंडी सांगताना गुडघेदुखीची गोळी हमखास राहून जाते, आणि नेमकी तीच, डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक, बीपी वाढवते.

पायरी २ : आठवडाभर फक्त मोजा

घाई करू नका. सराव सुरू करण्याआधीचे आकडे हातात नसतील तर नंतर काय बदललं ते कळणार कसं?

मशीन दंडावर पट्टा बांधायचं घ्या, मनगटावरचं नको. पट्टा दंडाच्या घेराला बसणारा हवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा उगाच वर दिसतो. नाडीचे ठोके अनियमित असतील तर घरचं मशीन फसू शकतं, ते डॉक्टरांच्या मशीनशी एकदा ताडून घ्या.

मग मोजायची रीत. सकाळी गोळी आणि नाश्त्याआधी, आणि पुन्हा संध्याकाळी. आधीच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी, तंबाखू, चालणं काही नको. लघवीला जाऊन या. पाठीला टेकायला असलेल्या खुर्चीत बसा, दोन्ही पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय टाकायचा नाही. बाही वर सारून किंवा काढून पट्टा उघड्या दंडावर. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या पातळीला येईल. टेबल बुटकं असेल तर हाताखाली उशी घ्या. आता पाच मिनिटं नुसतं बसा. टीव्ही बंद. मोजताना बोलायचं नाही, आणि घरातल्यांनीही बोलायला लावायचं नाही. एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा.

यातली एकेक चूक आकडा पाच-दहा अंकांनी सहज हलवते, आणि दोन-तीन चुका एकत्र झाल्या की माझ्या बाबांचं झालं तसं होतं.

पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजा. ज्या बाजूला आकडा जास्त, तोच दंड पुढे कायम. आठवड्याच्या शेवटी पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर बीपी वाढलेलं मानतात. दवाखान्यातली रेषा १४०/९० ची आहे. तुमच्या घरच्या माणसाचा आकडा किती असावा, हे मात्र वय, मधुमेह, मूत्रपिंड आणि तोल पाहून डॉक्टरच ठरवतील.

आणखी एक मोजणी फार महत्त्वाची आहे, ती कुणी करत नाही. पाच मिनिटं आडवं पडून बीपी घ्या, मग उभं राहून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. शेजारी कुणीतरी धरायला उभं हवं. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर उभं राहताना बीपी पडतंय. हे डॉक्टरांना त्याच आठवड्यात कळवा. शवासनात माणूस सैलावलेला असतो, झटकन उठला तर हीच पडझड होते.

पायरी ३ : जागा आणि वेळ

ठाण्यात शांतता शोधत बसलात तर सराव सुरूच होणार नाही. गोखले रोडवर हॉर्न, घोडबंदर रोडवर कामाची धडधड, वर कुणाच्या घरी टाइल्स बसवणं चालू. आम्ही आवाज बंद करायचा नाद सोडला आणि वेळ बदलली. सकाळी साडेसहा: पेपर आलेला असतो, दूध घेऊन झालेलं असतं, बाई यायला दीड तास असतो. दाराची बेल वाजणार नाही अशी वीस मिनिटं तुमच्या घरात कधी असतात, ते दोन दिवस बघून ठरवा. जेवणानंतर लगेच नको, निदान दोन तास जाऊ द्या.

जमिनीवरून उठणं जड जात असेल तर चटईचा हट्ट धरू नका. पलंग चालतो, हातांची खुर्चीही चालते. माझ्याकडचे निम्मेअधिक लोक खुर्चीतच करतात. पंखा हळू, अंगावर पातळ चादर, चष्मा आणि घड्याळ काढलेलं, कवळी सैल असेल तर तीही. फोन दुसऱ्या खोलीत.

पायरी ४ : पहिले दोन आठवडे फक्त श्वास

खुर्चीत टेकून बसा. एक हात पोटावर, बेंबीच्या जरा वर, दुसरा छातीवर. आता नुसतं बघा, कोणता हात हलतोय. बहुतेकांचा छातीवरचा हलतो आणि खांदेही वर जातात. बाबांना ‘पोटाने श्वास घ्या’ म्हटलं की ते पोट जोर लावून पुढे ढकलायचे. तीन दिवस असंच चाललं. मग मी त्यांना पलंगावर उताणं झोपवलं, गुडघ्यांखाली लोड दिला आणि पोटावर घडी घातलेला टॉवेल ठेवला. म्हटलं, काही करू नका, टॉवेल वर-खाली होतोय का ते फक्त बघा. मिनिटाभरात टॉवेल हलू लागला, संथ, होडीसारखा. तेवढ्यात त्यांचा जबडाही सैल सुटला. त्यांनी डोळे मिटले आणि मला हाताने ‘बोलू नकोस’ अशी खूण केली.

पोट हलायला लागलं की मोजणी. नाकाने श्वास आत, मनात १-२-३. नाकानेच किंवा ओठ किंचित मिटून बाहेर, १-२-३-४. मध्ये श्वास कोंडायचा नाही. तीन-चार दिवसांनी सोडायचा काळ पाचवर न्या. हळूहळू आत ४, बाहेर ६ जमलं की मिनिटाला सहा श्वास होतात. सावकाश श्वासाच्या सरावात हाच वेग बहुतेक वेळा धरतात. या वेगात, विशेषतः लांब उच्छ्वासात, हृदयाची गती उतरवणाऱ्या नसेला जोर येतो, आणि मानेतल्या व छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांमधली दाब ओळखणारी यंत्रणा जास्त नीट प्रतिसाद देते.

सहा जमत नसतील तर आठ-दहा श्वासही चालतील. पल्ला गाठायच्या नादात ओढूनताणून श्वास घेतला तर उलट छातीत घट्टपणा येतो. डोकं हलकं झालं, ओठांना मुंग्या आल्या, तर श्वास जास्त खोल होतोय. मोजणी सोडा, नेहमीसारखा श्वास घ्या, मिनिटभराने पुन्हा बघा.

पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं, दुसऱ्यात दहा. याहून जास्त नको.

पायरी ५ : तिसऱ्या आठवड्यापासून स्नायू सैल करणं

ही पद्धत अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत बसवली. तत्त्व साधं आहे: स्नायू आवळलेला असतो हे माणसाला कळतच नाही. म्हणून तो मुद्दाम थोडा आवळायचा आणि सोडायचा, म्हणजे सैल असणं कसं लागतं ते कळतं.

उजवी मूठ वळा, पाच सेकंद. सोडा, आणि पंधरा-वीस सेकंद हात जड होऊ द्या. मग डावी. पुढे दोन्ही कोपरं, खांदे कानांकडे, कपाळ, डोळे घट्ट, जबडा, पोट, मांड्या, शेवटी पावलं. वयस्कर माणसांसाठी तीन गोष्टी बदला. जोर निम्माच लावा, कारण पूर्ण ताकदीने आवळलं की त्या क्षणापुरतं बीपी चढतं. आवळताना श्वास रोखला जातो, तो रोखू नका. आवळता आवळता मोठ्याने ‘एक, दोन, तीन’ म्हणत राहिलं की आपोआप सुटतो. आणि दुखरा गुडघा, जखडलेला खांदा, पोटरीत पेटके येत असतील तर ती पोटरी, हे सगळं सरळ सोडून द्या. तिथे आवळायचं नाही, फक्त लक्ष नेऊन ‘सैल’ एवढंच मनात म्हणायचं.

जबड्यावर वेळ द्या. दात दातांपासून सुटे, जीभ खाली टेकलेली. घरात बोलायच्या राहून गेलेल्या गोष्टी जबड्यात साठतात असं मला इतक्या वर्षांत वाटत आलं आहे. कितीतरी आज्या जबड्यापाशी आल्या की रडतात. रडू द्या. थांबवू नका, ‘काय झालं’ असंही लगेच विचारू नका.

पायरी ६ : शवासन, आणि त्याहून महत्त्वाचं उठणं

श्वास आणि स्नायू झाले की दहा मिनिटं शवासन. उताणं, पाय थोडे फाकलेले, तळवे वर, मानेखाली पातळ उशी. पाठ दुखत असेल तर गुडघ्यांखाली लोड. आडवं पडल्यावर धाप लागत असेल किंवा आंबट पाणी वर येत असेल, तर पाठीमागे दोन-तीन उशा लावून अर्धवट बसूनच करा. आणि आडवं पडल्यावर धाप लागणं ही गोष्ट नवीन असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

पायाच्या बोटांपासून टाळूपर्यंत एकेक भाग मनात आठवत जायचं. कुणी हळू आवाजात सांगत गेलं तर सोपं जातं. आई बाबांना सांगते, अगदी साध्या शब्दांत: ‘पावलं सैल... पोटऱ्या सैल...’ तिचा आवाज मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवला आहे, ती माहेरी गेली की तो लावतो.

आता उठणं. डोळे उघडा, तसेच पडून राहा. हाताची बोटं, पायाची बोटं हलवा. पावलं दहा-बारा वेळा वर-खाली करा, म्हणजे पायात साठलेलं रक्त वर सरकतं. कुशीवर वळा. हाताच्या आधाराने बसा, पाय पलंगाखाली सोडून. पूर्ण दोन मिनिटं बसा. मग काहीतरी धरून उभे राहा, आणि पहिलं पाऊल टाकण्याआधी दहा आकडे मोजा. मे महिन्याच्या घामात, जुलाब झालेले असताना, एकादशीच्या उपवासात, किंवा लघवी वाढवणारी गोळी घेतलेल्या सकाळी हे आणखी सावकाश. रात्री लघवीला उठतानाही अगदी हीच रीत. बाबांच्या पलंगाशेजारी आता एक छोटा दिवा रात्रभर जळतो.

जप, हरिपाठ, भ्रामरी

काही लोकांना मोजणी अजिबात आवडत नाही. त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना किंवा ‘ओम मणि पद्मे हुं’ हा मंत्र लयीत म्हणताना श्वास आपसूक मिनिटाला सहाच्या जवळ येतो, आणि रक्तदाबावर ताबा ठेवणारी यंत्रणा जास्त नीट काम करते. हरिपाठावर किंवा रामरक्षेवर त्यांनी काही पाहिलं नव्हतं. पण एका श्वासात एक चरण, सावकाश, शेवटचं अक्षर लांबवत म्हटलं तर श्वासाची लय त्याच अंगाने जाते, हे मी पाचपाखाडीतल्या एका ८१ वर्षांच्या आजींच्या शेजारी बसून घड्याळ लावून मोजलं आहे. भराभर उरकलेल्या पाठाचा मात्र या बाबतीत उपयोग नाही. भ्रामरीही चांगली: तोंड मिटून, गुणगुणत, लांब उच्छ्वास. कान बोटांनी दाबून बंद केलेच पाहिजेत असं नाही. जे माणसाच्या सवयीचं आहे त्यावरच बांधा. ज्यांना देवधर्म नको त्यांच्यावर जप लादू नका, टॉवेल पुरतो.

काय करू नये

उपवनला किंवा कचराळी तलावाच्या कडेने सकाळी फिरताना म्हाताऱ्यांचे गट जोरजोरात कपालभाती करताना दिसतात. त्यातल्या किती जणांचं बीपी आटोक्यात आहे, या विचाराने मला धसका बसतो. बीपी आटोक्यात नसेल तर कपालभाती, भस्त्रिका, श्वास कोंडणारा कुंभक, शीर्षासन, सर्वांगासन नको. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारं कोणतंच आसन नको. शेजारच्याला फायदा झाला म्हणून करून पाहणं तर मुळीच नको.

ठाण्यात योग शिकायची परंपरा मोठी आहे. घंटाळी मित्र मंडळ आणि अंबिका योग कुटीर ही नावं इथल्या घराघरांत ठाऊक आहेत. वर्गाला जाणार असाल तर पहिल्याच दिवशी शिक्षकांना बीपीचे आकडे आणि गोळ्यांची यादी दाखवा. माणसं भेटतात, घराबाहेर पडणं होतं, हाही वर्गाचा मोठा फायदा आहे. एकटेपणा ज्यांना खातोय त्यांना मी घरच्या सरावापेक्षा वर्गातच पाठवते.

पायरी ७ : वही

साधी दोनशे पानी वही. तारीख, सकाळचे दोन आकडे, संध्याकाळचे दोन, सराव केला की नाही, झोप कशी झाली, आणि काही विशेष: पाहुणे, भांडण, लग्नातलं जेवण. सरावाच्या आधी आणि लगेच नंतर मोजून फरक बघण्याचा मोह होतो. नंतरचा आकडा उतरलेला दिसतोच, पण तो तासाभराचा पाहुणा. खरी गोष्ट आठवड्याच्या सरासरीत दिसते, आणि तीही सहा ते आठ आठवड्यांनी. ज्यांना आकडा पाहूनच धडधडतं त्यांना दिवसात दोनदाच मशीन द्या. बाकी वेळ ते कपाटात.

वही डॉक्टरांना दाखवा. सरासरी उतरली असेल तर गोळीचं काय करायचं ते तेच सांगतील. आकडा १२० च्या आसपास आला म्हणून मनानेच अर्धी गोळी करणं धोक्याचं आहे. काही गोळ्या अचानक बंद केल्या तर बीपी उसळून वर येतं. आकडा उतरतोय आणि चक्कर, थकवा, उभं राहताना अंधारी येतेय, तर भेटीची तारीख येईपर्यंत थांबू नका, आधी कळवा.

वहीत महिनाभर काहीच हललं नाही तर सरावाला दोष देण्याआधी ताट बघा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चहाचा चमचाभरसुद्धा नाही. लोणचं, पापड, फरसाण, सुकी मासळी हे सगळं त्यातच धरून. आणि घोरणं बघा. जोरात घोरणं, मध्येच श्वास थांबणं, दिवसा पेंग येणं, हे असेल तर झोपेतला श्वास तपासून घ्यावा लागतो, कारण त्याने बीपी गोळ्यांनाही दाद देत नाही.

हे दिसलं तर सराव नाही, १०८

छातीत दुखणं, धाप, चेहरा एका बाजूला ओघळणं, एका हातापायातलं बळ जाणं, बोबडं बोलणं, अचानक दिसेनासं होणं, कधी नव्हे इतकं डोकं दुखणं. यातलं काहीही असेल तर आकडा किती का असेना, १०८ ला फोन करा. ‘जरा पडा, श्वास घ्या, बरं वाटेल’ असं म्हणत अर्धा तास घालवू नका. काही त्रास नसताना मशीनवर १८०/१२० किंवा वर दिसलं, तर पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजा. तेवढंच राहिलं तर लगेच डॉक्टरांना फोन करा. घरातली जास्तीची गोळी स्वतःहून देऊ नका.

नेहमी विचारतात ते

झोप लागते. लागू द्या, पण घड्याळाला वीस मिनिटांचा हळू गजर लावा, आणि उठण्याची रीत चुकवू नका. रोजच लागत असेल तर रात्रीची झोप अपुरी होतेय.

मन थांबत नाही. थांबवायचं नाहीच. मुलगा परदेशात, सोसायटीचं रिडेव्हलपमेंट, औषधांचा खर्च, हे सगळं मनात येणारच. आलं की पुन्हा टॉवेलकडे, पुन्हा चरणाकडे. शंभर वेळा गेलं तर शंभर वेळा परत.

डोळे मिटले की उलट घाबरायला होतं. हे काही जणांना खरंच होतं, विशेषतः घरात नुकतंच कुणी गेलं असेल तेव्हा. डोळे उघडे ठेवून, खिडकीबाहेर बघत किंवा पाच मिनिटं सावकाश चालत करा. तरीही भीती राहिली तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.

गणपतीत दहा दिवस सगळंच चुकलं. बाबांचंही चुकलं होतं. घरात चौदा माणसं, पहाटेपासून मोदकांची गडबड. अकराव्या दिवशी त्यांनी आपणहून टॉवेलाची घडी घातली आणि आईला हाक मारली. पुन्हा पाच मिनिटांपासून सुरुवात केली, तीन दिवसांत वीसवर आले. वहीतली ती दहा पानं कोरीच ठेवली आहेत.